मापात न बसलेला

दुकानात भाड्याने द्यायला एकही व्हायोलिन उरलं नव्हतं.
"हा आहे," पोरगा म्हणाला, "पण याला कुणी नेत नाही,"
आणि चुकून आपल्याकडे राहिलेली पाहुण्याची बॅग
परत करावी तशी त्याने पेटी काउंटरवरून सरकवली.

लेस्टर. नोव्हेंबर. चार वाजताच अंधार.
बसमध्ये पेटी मांडीवर आडवी मावेना, उभी राहीना.
शेजारच्या बाईंनी गुजरातीत विचारलं, "वाजवता?"
म्हटलं, "अजून ओळख व्हायचीय."

आयव्हर पॅगेट, वय एकोणऐंशी,
मोज्यांच्या गिरणीत चाळीस वर्षं यंत्रं दुरुस्त केलेला,
दर गुरुवारी चर्चमागच्या हॉलमध्ये शिकवतो.
आधी हीटरला लाथ, मग आम्हाला धडा.
"पहिला नियम. याला मोठं व्हायोलिन म्हणेल
त्याला इथे चहा मिळणार नाही.

ही बघ, वरची किंचाळणारी तार याला नाहीच.
त्याऐवजी खाली एक जाड तार, खर्जाची.
या सुरांना खरं तर याहून मोठं खोकं हवं,
पण मग ते हनुवटीखाली कुणी धरायचं?
म्हणून सुतारांनी तडजोड केली.
तीच तडजोड तुला ऐकू येईल."

त्याने गज ओढला.
सकाळी उठल्यावर, पाणी प्यायच्या आधी,
घरातल्या कुणाला तरी हाक मारताना
पहिला शब्द निघतो ना,
तो आवाज.

चिपळूणच्या शाळेत गाण्याच्या बाईंनी
माझ्यासाठी पेटीवर काळी चार लावून पाहिली, पांढरी दोन लावून पाहिली,
मग मला मागच्या रांगेत उभं केलं.
"नुसते ओठ हलव हं," म्हणाल्या. प्रेमानेच म्हणाल्या.

आता मी दुभाषी आहे. हॉस्पिटलात
डॉक्टर आणि पेशंट यांच्या मधल्या खुर्चीत बसते.
डॉक्टर म्हणतात "मी", तर मीही म्हणते "मी".
जशोदाबेन म्हणतात "माझ्या छातीत दुखतं",
तर माझ्या छातीत दुखतं.
संध्याकाळपर्यंत मला नऊ-दहा आजार होतात
आणि मी ठणठणीत घरी येते.

व्हिओलाच्या कागदावरची खूणसुद्धा निराळी.
तिची कंबर बरोब्बर मधल्या रेघेवर.
व्हायोलिनवाल्यांना ती वाचता येत नाही, चेलोवाले अडखळतात.
मला आठवड्यात जमली.
बाकी काही महिने जमलं नाही:
करंगळी पोचेना, खांदा भरून येई,
वरच्या मजल्यावरचा विद्यार्थी जमिनीवर चप्पल आपटे.

फेब्रुवारीत पहिल्यांदा सगळ्यांबरोबर बसले.
चाल व्हायोलिनांची, पावलं चेलोंची,
माझ्या वाट्याला सोळा आवर्तनं एकच सूर,
मग त्याच्या शेजारचा,
मग परत पहिला.
"हे कुणाला ऐकू तरी जातं का?" मी विचारलं.

आयव्हर म्हणाला, "व्हिओला थांबा. बाकीचे पुन्हा सुरुवातीपासून."

व्हायोलिनं गात होती. चेलो चालत होते.
कुणाचं काही चुकलं नाही.
पण रात्री फ्रिजची घरघर एकदम थांबली
की पुस्तकातून मान वर निघते,
तशा हॉलमधल्या अकरा माना वर झाल्या.
आयव्हर काही बोलला नाही.
हीटरकडे गेला आणि त्याला उगाचच एक लाथ घातली.

काल डॉक्टरांनी चक्क मलाच विचारलं, तुम्ही कशा आहात?
सवयीने मी जशोदाबेनकडे वळले
आणि तेच गुजरातीत विचारलं.
त्या माझ्या जबड्याकडे बघत होत्या.
"गळ्याजवळ हा डाग कसला गं?"

"वाजवते," मी म्हटलं.

याचं इंग्रजी करायचं राहूनच गेलं.